पाल्पाच्या डोंगरात जोडलेली माणसं

मिशनच्या कामासाठी देशाबाहेर जाऊन आलं की मंडळीपुढे, म्हणजे चर्चमधल्या आपल्या लोकांपुढे, उभं राहून साक्ष द्यायची, अशी आमच्याकडे रीत आहे. किती गावं झाली, किती सभा झाल्या, किती लोक जमले, हे सगळं त्यात येतं. माझी पाळी आली की मी नेपाळातल्या तानसेनच्या दुकानदार दाजूंबद्दल, म्हणजे दादांबद्दल, बोलते, डोंगरावरच्या आमाबद्दल, म्हणजे तिथल्या एका आईबद्दल, बोलते, तिच्या सुनेला मुलगी झाली हे सांगते. काहींना वाटतं, कामाचं सोडून ही घरगुती गप्पाच सांगतेय. माझ्या लेखी कामाचं तेच आहे. परक्या देशात ही माणसं कशी जोडली गेली, हे एकदा नीट लिहून काढावं असं बरेच दिवस मनात होतं.

आम्ही इंदूरचे मराठी ख्रिस्ती. माझे आजेसासरे नगरकडून आले, इथल्या मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून लागले आणि इथलेच होऊन गेले. चर्चमधली उपासना हिंदीत चालते. पण शुक्रवारी संध्याकाळी कुणा ना कुणाच्या घरी आमची मराठी प्रार्थनासभा असते. जुन्या चालींची भजनं होतात आणि मग पोहे, वर शेव आणि जीरावन, म्हणजे आमचा इंदुरी मसाला. रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगर अशा सगळीकडून लोक येतात. शेजारच्या हिंदू मराठी बायकाही भजनाला म्हणून येऊन बसतात.

परदेशी मिशन म्हणजे काय, हे आमच्या शहराला दुसऱ्या बाजूने ठाऊक आहे. कॅनडाचे प्रेस्बिटेरियन मिशनरी १८७७ साली इंदूरला आले. १८८४ मध्ये डॉ. एलिझाबेथ बीटी आल्या, पाठोपाठ डॉ. मॅरियन ऑलिव्हर आल्या आणि बायकांसाठी दवाखाना उभा राहिला. ख्रिश्चन कॉलेज १८८७ चं. आमच्या घरात या जुन्या लोकांच्या आठवणी निघत, तेव्हा इमारतींबद्दल फारसं कुणी बोलत नसे. कोणती मिससाहेब स्वयंपाकघरात पाटावर येऊन बसायची, कोण बाळंतिणीच्या उशाशी रात्रभर थांबायची आणि कोण बंगल्याच्या व्हरांड्यातूनच बोलून परत पाठवायची, हे सासूबाईंना त्यांच्या सासऱ्यांकडून ऐकून ऐकून पाठ झालं होतं. तीन पिढ्यांनंतर लक्षात राहिलं ते एवढंच.

१९१० साली एडिंबरोला जगभरच्या मिशनांची मोठी परिषद भरली होती. तिथे व्ही. एस. अझरय्या हे दक्षिण भारतातले तरुण पाळक बोलायला उभे राहिले. तुम्ही गरिबांसाठी तुमची मालमत्ता दिलीत, स्वतःचे देहही झिजवलेत, पण आम्हांला प्रेमही हवं आहे, आम्हांला मित्र द्या, असं ते त्या भरल्या सभेत म्हणाले. पुढे दोनच वर्षांत ते दोर्नाकलचे बिशप झाले, अँग्लिकन मंडळीतले पहिले भारतीय बिशप. आमच्या पाळकसाहेबांनी हे भाषण एका शुक्रवारी समजावून सांगितलं, तेव्हा सासूबाई पटकन म्हणाल्या, ‘म्हणजे पाटावर बसणाऱ्या मिससाहेबच मागितल्या की त्यांनी.’ आम्ही नेपाळला निघालो तेव्हा मी हे भाषण वहीत उतरवून बरोबर घेतलं होतं. या खेपेला बाहेरून जाणारे आम्ही होतो, त्यामुळे ती मागणी आमच्याकडेच होती.

नेपाळ ठरलं ते एका मुलीमुळे. ती इंदूरला नर्सिंग शिकायला आली होती. मी स्वतः परिचारिका, आता निवृत्त. कुणीतरी तिला शुक्रवारच्या सभेत घेऊन आलं आणि मग ती दर आठवड्याला येऊ लागली. तिच्या आईच्या वयाची असूनही मला ती दिदी म्हणे. मराठी कळत नसताना टाळ्यांवर भजन धरायची, पोह्यांवर दोनदा जीरावन घ्यायची. शेवटच्या वर्षाला म्हणाली, ‘दिदी, आता तुम्ही आमच्या घरी चला.’ आम्ही नुसतं हो म्हणालो तर तिने गावच्या मंडळीच्या वडिलांकडून, म्हणजे चर्चच्या ज्येष्ठांकडून, रीतसर पत्र मागवलं. कधी या, किती जण या, कुठे राहाल, सगळं त्यात होतं. आमच्यापैकी कुणालाही नेपाळचा नकाशा धड माहीत नसताना त्यांनी आमच्या अंथरुणांची सोय करून ठेवली होती. ते पत्र आलं म्हणून आम्ही गेलो. बोलावणं नसतं तर जाऊ नये, असं माझं आजही स्पष्ट मत आहे.

तयारीत सगळ्यात जास्त वेळ गेला तो काय करायचं नाही हे ठरवण्यात. नेपाळमध्ये कुणाचं धर्मांतर करवणं कायद्याने गुन्हा आहे. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हाही होता. पुढे २०१५ च्या संविधानात ते पुन्हा स्पष्ट लिहिलं गेलं, आणि २०१८ पासून लागू झालेल्या फौजदारी कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंडाची तरतूद आली. परदेशी माणसाला शिक्षा भोगून झाल्यावर देशाबाहेर काढतात. आपण परतीच्या गाडीत बसतो, मागे राहतात ते तिथले विश्वासी. आपल्या उत्साहाची किंमत त्यांनी चौकीवर मोजायची, हे आम्हांला मान्य नव्हतं. म्हणून पत्रकं नाहीत, चौकातली सभा नाही. मंडळी जे सांगेल ते आणि तेवढंच. मी परिचारिका असले तरी तिथे कुणाला तपासायचं नाही, गोळी द्यायची नाही, हेही मी निघतानाच ठरवलं होतं. परक्या देशात नोंदणीशिवाय उपचार करणं बरोबर नाही. शिवाय गोळ्यांची पिशवी घेऊन बसलं की आपल्यापुढे रांग लागते, आणि रांगेतल्या माणसाशी मैत्री होत नाही.

प्रवासाचं फार सांगत नाही. इंदूरहून रेल्वेनं गोरखपूर, तिथून बसनं सुनौली, सीमा पायीच ओलांडायची. भारतीयांना व्हिसा लागत नाही, १९५० च्या करारानुसार ये-जा मोकळी आहे. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करायचं, भैरहवाहून बुटवल आणि मग डोंगर. बुटवलच्या वर सिद्धबाबाच्या वळणांवर दरडी कोसळतात, तिथे आमच्या मंडळींनी मोठ्याने स्तोत्र म्हटलं. तानसेन हे पाल्पा जिल्ह्याचं मुख्य गाव, उतारावर वसलेलं. थंडीत सकाळी खालच्या माडी खोऱ्यात धुकं भरतं आणि वरून पाहिलं तर पांढरं शुभ्र तळं वाटतं. इथला मिशन दवाखाना १९५४ सालापासूनच्या कामातून वाढलेला, त्या भागात सगळ्यांना ठाऊक असलेला. आमची नर्सिंगची मुलगी तिथेच जन्मली होती. तिचं गाव मात्र तानसेनहून जीपनं पुढे आणि मग पायी चढून.

पहिली उपासना शनिवारी. नेपाळमध्ये सुट्टी शनिवारची, म्हणून मंडळ्या शनिवारीच भरतात. चपला बाहेर, जमिनीवर सुकुल, म्हणजे गवताची चटई, अंथरलेली, एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका, मध्ये मादल, म्हणजे तिकडचा ढोल, वाजवणारा पोरगा. आत येणारा प्रत्येक जण हात हातात घेऊन ‘जय मसीह’ म्हणतो. आमच्या ‘जय ख्रिस्त’ला तिथे लगेच जागा मिळाली. मग त्यांनी आम्हांला गायला सांगितलं. आम्ही ओवीच्या चालीचं एक मराठी भजन म्हटलं, आणि दुसऱ्या कडव्याला त्या पोरानं मादलवर असा ठेका धरला की जणू लहानपणापासून तेच भजन ऐकत आलाय.

उपासनेनंतर एक म्हातारे गृहस्थ शेजारी येऊन बसले. त्यांनी सांगितलं की ते तरुण होते तेव्हा, १९६० च्या सुमाराला, बाप्तिस्मा घेतला म्हणून तानसेनमध्ये काही जण तुरुंगात गेले होते. त्या आधी १९५२ मध्ये पोखऱ्याला रामघाटची मंडळी उभी राहिली, तीसुद्धा नेपाळी माणसांनीच उभी केली. सीमेपलीकडे नौतनव्याला देश उघडण्याची वाट पाहत थांबलेली ती माणसं होती. आजोबा हे सगळं इतक्या साधेपणानं सांगत होते की मी वही पेन पिशवीतून काढलंच नाही. विश्वासाबद्दल शिकवायला म्हणून यांच्यासमोर उभं राहणारी मी कोण, असं वाटलं आणि पुढचे दिवस ऐकण्यातच घालवायचे ठरवले.

राहायला मी त्या मुलीच्या घरी होते. आमचा गट चार घरांत वाटला होता. हे मी फार महत्त्वाचं मानते. गट एका लॉजमध्ये उतरला की तो आपल्यातच बोलतो, आपल्याच गप्पा, आपलेच विनोद. एकटं माणूस एका घरात पडलं की त्याला चुलीपाशी बसावंच लागतं. तिच्या आईला सगळं गाव आमा म्हणे, मीही म्हणू लागले. माझ्याहून वयाने मोठी, शेंडेफळ ही मुलगी. आमाला हिंदी जेमतेम यायची, मला नेपाळी तर नाहीच. पहिले दोन दिवस आम्ही एकमेकींकडे बघून हसत होतो आणि ती माझ्या ताटात भात वाढत होती.

तिसऱ्या दिवशी मंडळीत कुणाच्या तरी बारशासारखं जेवण होतं. ओसरीवर सालाच्या पानांचा ढीग पडला होता आणि आमा टपऱ्या लावायला बसली होती. टपरी म्हणजे आपली पत्रावळ. माझी आई नगरकडच्या गावी पळसाच्या पानांच्या पत्रावळी लावायची, मी तिच्याजवळ बसून शिकलेली. मी काही न बोलता बसले आणि एक पान उचललं. आमानं हातातली काडी थांबवली. बांबूच्या चोयेची बारीक काडी, टोक तिरपं कापलेलं. पान गुळगुळीत बाजूने वर घ्यायचं, देठ खुडायचा, दुसरं पान अर्ध्यावर चढवायचं, काडी आत घालून बाहेर काढायची आणि नखानं मोडायची. मोडताना पान फाटलं नाही तर जमलं. मी पहिली टपरी लावून तिच्या हातात दिली. तिनं ती उलटी केली, उजेडाकडे धरून कुठे भोक दिसतंय का पाहिलं, आणि न बोलता तयार ढिगावर ठेवली. मग आणखी पानं माझ्याकडे सरकवली.

त्या दुपारी आम्ही खूप बोललो. लेक मधे बसून दोन्हीकडचं सांगत होती, थोड्या वेळानं ती उठून गेली तरी आमचं चालूच राहिलं. मुलं किती, सासू आहे का, मी इथे असताना घरी स्वयंपाक कोण करतं, आमानं सगळं विचारून घेतलं. मग आत जाऊन एक स्टीलचा डबा आणला, झाकणावर नाव कोरलेला. तिचा नवरा मुंबईला वॉचमन होता, बरीच वर्षं. डबा तिथून आणलेला. तो वारला तेव्हा सामानात हाच परत आला. मी विचारलं, मुंबईबद्दल काय सांगायचे? आमा म्हणाली, गाड्यांचं सांगायचा, पावसाचं सांगायचा, इमारतीतल्या पोरांचं सांगायचा. पण कुणाच्या घरी जेवायला गेल्याचं कधी बोलला नाही. तिनं हे तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं. मला मात्र हातातली काडी पुढे घालता येईना. दहा-दहा वर्षं जो माणूस आपल्या लोकांच्या दारात बसला, त्याला ज्यांनी कधी आत बोलावलं नाही त्यांच्यातलीच मी, आणि त्याच्या घरात मी पोटभर जेवत होते.

संध्याकाळी तिनं चुकौनी केली. ती खास पाल्पाची. उकडलेला बटाटा, दही, कांदा, वरून मेथीदाण्याची फोडणी. आपल्या बटाट्याच्या कोशिंबिरीची सख्खी बहीणच. मी आणलेलं जीरावन तिनं त्यावर भुरभुरून पाहिलं आणि डबी स्वतःच्या फडताळात ठेवून दिली. पुढे दर खेपेला माझ्याकडे पहिली मागणी त्याचीच असते.

मैत्री फक्त मंडळीतल्या लोकांशी झाली असती तर मला ती अपुरीच वाटली असती. तानसेनच्या दगडी चढावर एका नेवार दाजूंचं दुकान आहे, ढाका टोप्या आणि पितळी सामान. पाल्पाचा करुवा, म्हणजे तोटीचा तांब्या, सगळ्या नेपाळात प्रसिद्ध. मी करुव्याची किंमत विचारत होते. आमच्यातल्या एकाच्या गळ्यातला क्रूस पाहून दाजूंनी हिंदीत सरळच विचारलं, ‘तुम्ही लोकांचा धर्म बदलायला आलात का?’ आमचा तरुण मुलगा गडबडला. मी त्यांना सांगितलं, ‘मी ख्रिस्ती आहे. प्रभूवर माझा जीव आहे, आणि तुम्ही विचाराल तर ते मी लपवणार नाही. इथल्या मंडळीनं बोलावलं म्हणून त्यांच्याकडे राहायला आलोय. तुमच्याशी बोलायला तुम्ही काही बदलावं असं माझं म्हणणं नाही.’ ते क्षणभर पाहत राहिले, मग पोराला चहा आणायला पाठवलं. आम्ही इंदूरचे म्हटल्यावर त्यांनी उज्जैन किती लांब ते विचारलं. पंचावन्न किलोमीटर म्हटल्यावर मला बसायला स्टूल दिलं. त्यांचे वडील सिंहस्थाला जाऊन आले होते आणि त्यांनाही जायचं होतं. नंतर तानसेनला गेले की मी त्यांच्या दुकानात गेले नाही असं झालं नाही.

पुन्हा जायचं ठरलं तेव्हा आमच्या शुक्रवारच्या सभेत थोडी कुरबुर झाली. तिथे एकदा जाऊन आलात ना, आता नवीन जागा घ्या, दुसरा जिल्हा, दुसरा देश. वर्गणी देणाऱ्याला नकाशावर नवा ठिपका दिसला की बरं वाटतं, हे मी समजू शकते. पण पहिल्या भेटीत माणूस पाहुणा असतो. त्याला चांगली गादी मिळते आणि घरातलं भांडण त्याच्यासमोर होत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला आमा आणि सुनेचा वाद माझ्यासमोरच झाला, दोघींनी मला मध्ये ओढलं, तेव्हा आपण आता घरचे झालो हे मला कळलं. पाळकसाहेब आमच्या बाजूनं उभे राहिले म्हणून तेच गाव टिकलं.

पैशाचं सांगायला हवं, कारण अशी मैत्री बहुतेक वेळा तिथेच मोडते. आपण त्यांच्यापेक्षा सुखवस्तू, हे दोघांनाही दिसत असतं. गावातल्या एका मुलानं मलेशियाला जाण्यासाठी एजंटला द्यायला माझ्याकडे उसने मागितले. आम्ही सुरुवातीलाच मंडळीच्या वडिलांशी बोलून ठरवलं होतं की पैसा जो काही द्यायचा तो मंडळीच्या हातात, सगळ्यांसमोर, आणि कुणाला द्यायचा ते त्यांनी ठरवायचं. तेच मी त्याला सांगितलं. तो थोडे दिवस नाराज होता. पण आमच्यात सावकार आणि ऋणको असं नातं आलं नाही, म्हणून नंतर तो परत बोलू शकला. आज तो क्वालालंपूरहून मला व्हिडिओ कॉल करतो, आणि आईची तब्येत बरी नसली की औषधाचं नाव विचारतो.

२५ एप्रिल २०१५. शनिवार. तिकडचे ११ वाजून ५६ मिनिटं, म्हणजे ऐन उपासनेची वेळ. टीव्हीवर भूकंपाची, काठमांडूची दृश्यं दिसायला लागली आणि आमच्या घरात सगळ्यांच्या मनात एकच आलं, या घटकेला सगळे छपराखाली जमिनीवर बसलेले असणार. आमची ती नर्सिंगची मुलगी तेव्हा काठमांडूत नोकरीला होती. फोन लागत नव्हते. रात्री उशिरा तिचा संदेश आला, मी ठीक आहे, वॉर्डात आहे. पाल्पाला फारसं झालं नव्हतं. भूकंपाचं केंद्र गोरखा जिल्ह्यात बारपाकजवळ होतं आणि आमाची थोरली लेक गोरख्यात दिलेली. घर पडलं, माणसं शेतात होती म्हणून वाचली. सगळ्या देशात जवळपास नऊ हजार माणसं गेली, कितीतरी मंडळ्यांमध्ये उपासना चालू असताना.

इंदूरला आमची धावपळ सुरू झाली. तंबू, ब्लँकेटं, तांदूळ, कोण कोण येणार. आमच्या मुलीशी बोलणं झालं तेव्हा ती म्हणाली, ‘दिदी, येऊ नका. आता आलात तर तुम्हांला कुठे ठेवू, काय खायला घालू, याचीच काळजी आमच्या लोकांना पडेल. पैसे पाठवा. छपराचे पत्रे इथेच मिळतील. भात लावून झाला की मग या.’ मला त्या वेळी तिचा फार अभिमान वाटला. पाहुण्याला कुणी येऊ नका म्हणत नाही. स्टेट बँकेतून नेपाळला रक्कम पाठवायची सोय आहे, तेव्हा एका वेळी पन्नास हजारांची मर्यादा होती, तर आमच्यातल्या चार-पाच घरांनी आपापल्या खात्यातून पाठवले. सामानाचा ट्रक भरून पाठवायचा आग्रह धरणाऱ्यांना समजावणं सगळ्यात कठीण गेलं. पत्रे तिकडेच घेतले गेले, आणि कोणाला किती याचा कागद मंडळीनं आम्हांला न मागता पाठवला.

पुढच्याच वर्षी उज्जैनचा सिंहस्थ होता. दुकानदार दाजूंचा फोन आला, ते आणि भाउजू, म्हणजे त्यांची बायको, येणार. आमच्याकडेच उतरायचं, असं मी बजावून सांगितलं. ऐन मे महिना, इंदूरचं ऊन, आणि डोंगरातली ती माणसं. सासूबाईंनी त्यांच्यासाठी कांदा-लसणाशिवाय स्वयंपाक केला, शेजारच्या आजींनी पुरणपोळ्या आणून दिल्या. ह्यांनी गाडी काढली आणि आम्ही पहाटे उज्जैनला गेलो. क्षिप्रेवर रामघाटाला एवढी गर्दी की भाउजू माझा हात सोडायला तयार नव्हत्या. ती दोघं पाण्यात उतरली आणि मी पायऱ्यांवर त्यांचे कपडे, चष्मे, पैशाची पिशवी धरून उभी राहिले. दाजूंचे ओले केस पुसताना भाउजूंना रडू आलं, सासऱ्यांची आठवण येऊन. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

यावर नंतर मला आमच्यातल्या काहींनी विचारलं, मग सुवार्तेचं, म्हणजे प्रभूचा संदेश सांगण्याचं, काय? मी हा प्रश्न हलका मानत नाही. माझा विश्वास मी दाजूंपासून कधी झाकून ठेवलेला नाही. आमच्या घरी राहिले तेव्हा रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेला ते आपण होऊन बसले, आणि वडिलांसाठी प्रार्थना करा म्हणाले. प्रभूनं शिष्यांना दास न म्हणता मित्र म्हटलं, हे योहानाच्या १५ व्या अध्यायात आहे. त्यानं मित्र म्हटलं ते काही मिळवण्यासाठी म्हटलं असं मी तरी वाचलेलं नाही. दाजू उद्या काय मानतील ते त्यांचं आणि देवाचं. त्यांच्याशी माझी मैत्री त्यावर टांगलेली नाही. असती तर ते पहिल्याच दिवशी ओळखून बसले असते. आयुष्यभर दुकान चालवलेला माणूस तो, समोरच्याला काय विकायचंय हे त्याला लगेच कळतं.

आमाच्या डब्याची गोष्ट मात्र मला स्वस्थ बसू देईना. आमच्या कॉलनीत रात्री काठी आपटत, शिट्टी वाजवत फिरणारा नेपाळी चौकीदार आहे. महिन्याच्या सुरुवातीला तो दारोदार पैसे घ्यायला येतो, सगळे त्याला बहादूर म्हणतात. मी तानसेनहून परतल्यावर त्याला त्याचं नाव आणि गाव विचारलं. पश्चिमेकडच्या अछाम जिल्ह्यातला. माझी मोडकी नेपाळी ऐकून तो आधी दोन पावलं मागे सरकला. दसैंला, म्हणजे त्यांच्या दसऱ्याला, घरी जाता येत नाही म्हणाला, त्या दिवसांत कॉलनीवाले गावाला जातात म्हणून पहारा जास्त लागतो. त्या वर्षी दसऱ्याला आम्ही त्याला जेवायला बोलावलं. तो इस्त्रीचा शर्ट घालून, अजून दोघांना घेऊन आला आणि उंबऱ्याशी थांबला. ह्यांनी पुढे होऊन त्याचा हात धरून आत आणलं. आता आमच्या शेजारची आणखी तीन घरं त्यांना सणावारी बोलावतात. त्याची बायको इथे आली होती तेव्हा शेजारच्या आजींनी तिची ओटी भरली.

आमची नर्सिंगची मुलगी आता लग्न होऊन बुटवलला असते. आमा थकली आहे, तिला ऐकू कमी येतं, पण फोनवर ती माझं ऐकत नाहीच, स्वतःचंच सांगते. शनिवारी त्यांची उपासना आटोपली की दुपारी फोन करायचा, हे ठरलेलं. आमाची सून आता बायकांचा शिवणवर्ग चालवते. शिवणयंत्रं मंडळीनं घेतली, आम्ही त्यात भर टाकली.

आमच्या तरुण संघातल्या काही मुलामुलींना आता तिकडे जायचंय. माझ्याकडे येऊन ते कार्यक्रम विचारतात, दिवसाला किती सभा, कोणता विषय कोण घेणार. मी त्यांना दोनच अटी घातल्या आहेत. प्रत्येकानं वेगळ्या घरात राहायचं, आणि आधी इथल्या चौकीदार काकांच्या खोलीवर जाऊन त्यांच्याकडून पन्नासेक नेपाळी वाक्यं शिकून यायची. दोघी बहिणी रोज संध्याकाळी जातात, एकानं मादल शिकायला घेतलाय. दसैं-तिहार, म्हणजे तिकडचे दसरा-दिवाळी, होऊन भातकापणी उरकली की घरं मोकळी होतात, तेव्हा निघावं असं चाललंय. तारीख अजून आलेली नाही. ती गावची मंडळी ठरवून कळवणार आहे, मग रेल्वेची तिकिटं काढायची.